दही-साखर आणि बापूचा पेट स्कॅन

"भावजी, हे गेले…" वैनींचा फोन आला तेव्हा मी नवी पेठेत टॉवेल बघत होतो. दुकानाच्या पायरीवरच बसकण मारली. त्याला आता दीड महिना होत आला, पण बापूची आठवण काढली की आधी हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही.

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात आम्ही बरोबरीने नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात जवळजवळ घरं घेतली. बापू पक्का बडबड्या. एकदा दूध आणायला गेला आणि आपलीच गल्ली विसरला. तेव्हा मात्र हबकला. "मरायचं भ्या न्हाय रं बबन. पर उद्या हिलाच वळखलं न्हाय तर?" डॉक्टरांनी मेंदूचा पेट स्कॅन सांगितला. मेंदू साखरेवर चालतो. शिरेतून किंचित किरणोत्सर्गी साखर द्यायची आणि मेंदूचा कुठला भाग ती किती खेचतो, ते यंत्रात बघायचं. जायचं मात्र उपाशीपोटी.

निघताना वैनींनी बापूच्या तळहातावर दही-साखर ठेवली. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाला दुसरं काय देणार? बापूने ती चाटली, वर आणखी मागून घेतली. सेंटरवर बोटातलं रक्त तपासणारी मुलगी चक्रावली.

"आजोबा, काय खाल्लंत?"

"काय बी न्हाय. नुसती दही-साखर."

"नुसती?"

स्कॅन पुढे ढकलला. वैनी रडकुंडीला आल्या, तर बापू म्हणतो, "अगं, शकुन लागला की! वाईट कळणार हुतं, ते टळलं."

दुसऱ्या खेपेला इंजेक्शननंतर अंधुक खोलीत गप्प पडून राहायचं होतं, कारण बोललं की मेंदूचे तेवढे भाग जास्त साखर ओढतात. बाहेर आल्यावर बापू म्हणाला, "अंतरपाटामागं बी इतका गप नव्हतो."

चित्रात आठवणी आणि वाटा सांभाळणारे भाग निळे दिसले. तिथे साखर फार कमी जात होती. विसरण्याचाच आजार… मला रडू आवरेना. बापूने घरी येऊन फर्मान काढलं, "आजपासनं हितं येणाऱ्यानं दारातच नाव सांगायचं. माझी परीक्षा कुणी घ्यायची न्हाय." मग सगळेच सांगू लागलो. वैनीसुद्धा चहा आणताना म्हणायच्या, "मी सुमन. तुमची बायको." शेवटच्या वर्षात त्याला त्या खरंच ओळखू येईनात. पण हे ऐकलं की चेहरा उजळायचा. "व्हय? लई नशीबवान हाय की मी!" रोज नव्याने, तितकाच खूश.

काल संध्याकाळी गेलो. वैनी फोटोपुढे दिवा लावत होत्या. "मी सुमन. तुमची बायको," असं म्हणाल्या आणि उत्तरासाठी जरा थांबल्या.