खारट शेवया

कवठे महांकाळच्या पलीकडच्या माळावरून रंगूनला गेलेली पहिली बाई म्हणजे राहीबाई. हौसेनं गेली असं कुणी समजू नये. नवरा नाथाजी पलटणीतून पेन्शनीवर आला, पण मेंढरांमागं हिंडण्यात त्याचं मन रमेना. ओळखीच्या सुभेदारानं शब्द टाकला आणि अडतीस साली तो रंगूनला एका लाकडाच्या वखारीत मुकादम म्हणून लागला. तीन वर्षांच्या अंबूला काखेत मारून राहीबाई त्याच्यामागं बोटीत चढली. ज्ञानू तिथंच जन्मला.

गावात असताना नाथाजी चारचौघांदेखत बायकोशी एक शब्द बोलत नसे. रंगूनला तो निराळाच माणूस झाला. पगार झाला की म्हणायचा, "आज चूल पेटवू नगंस." वखारीमागच्या रस्त्यावर एका चिन्याचं हाटेल होतं, तिथं तो सगळ्यांना घेऊन जायचा. पुरुषांची पंगत उठेपर्यंत बाईनं थांबायचं आणि मग नवऱ्याच्या उष्ट्या ताटात गार झालेलं वाढून घ्यायचं, हे राहीबाईच्या हाडीमाशी मुरलेलं. पहिल्या दिवशी ती मेजाजवळ पोरीला घेऊन नुसती उभी राहिली. नाथाजीनंच खुर्ची ओढली. "बस. हितं समदी बसत्यात."

वाडग्यात शेवया आल्या. त्या बघून तिला माहेर आठवलं आणि तिनं खुणेनं गूळ मागितला. चिना आधी मीठ घेऊन आला, मग मिरची, आणि शेवटी वैतागून साखर. राहीबाईनं ती सढळ हातानं पेरली आणि मोठा घास घेतला. खाली कोंबडीचा रस्सा होता. तिचं तोंड बघून नाथाजी पोट धरून हसला. त्याला इतकं हसताना तिनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

पुढं ज्ञानू बसता झाला आणि हाटेलात जाणं म्हणजे फटफजितीच व्हायला लागली. तो वाडगं पालथं घालायचा. अंबू एकेक शेवई हातभर ओढायची, नाही तर मेजाखाली शिरून लोकांची पायताणं मोजायची. राहीबाई पोरांना आवरायला उठू लागली की नाथाजी ज्ञानूला खांद्यावर टाकायचा आणि दारात फेऱ्या मारत तिला म्हणायचा, "गरम हाय तवर खा. मी हाय न्हवं." गरम जेवण सावकाश खाणं म्हणजे काय, ते तिला तिशीला टेकताना कळलं. लग्न झालं होतं बोहल्यावर, पण नवऱ्यावर जीव जडला तो त्या हाटेलात.

मग रंगूनवर बॉम्ब पडले. बेचाळीसच्या आरंभी मिळेल त्या बोटीनं कलकत्ता गाठून चौघं गावी आली. जीव वाचला म्हणून सासूनं, मनुबाईनं, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. नाथाजी पुन्हा ओसरीवर बसून पोक्तपणे पान खाऊ लागला.

आखितीचा, अक्षय तृतीयेचा, सण आला. पंगतीला नाथाजी, त्याचा धाकटा भाऊ हरिबा, भावकीतली दोन वडीलधारी माणसं आणि दोन्ही पोरं. मनुबाई चुलीपाशी, राहीबाई वाढायला. ताटात गूळ-दुधातल्या शेवया पडल्या. अंबूनं एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आय, ह्या गोड कशा गं? चिन्याच्या हाटेलातल्या खारट हुत्या. तू बी बस की. ज्ञानूला आबा धरतील," ती बापाकडं बघत म्हणाली.

चिन्याच्या हातचं खाणं म्हणजे बाटणंच. "कुणाच्या हाटेलात?" मनुबाईनं चुलीपासूनच विचारलं.

राहीबाईनं नाथाजीकडं पाहिलं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नव्हती. तो घरातला थोरला, पेन्शनवाला. त्याच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. "मीच नेलं हुतं," एवढं तो म्हणाला असता तर भावकी मुकाट्यानं शेवया ओरपत राहिली असती.

नाथाजी खाली मान घालून दूध कालवत होता. "मी वखारीत असायचू," तो म्हणाला. "माघारी ही पोरांस्नी घिऊन कुटं जायची, मला काय ठावं? शेरगावात बाया शेफारत्यात."

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथं तर चोरानंच सूळ रोवून दिला. राहीबाईच्या हातातली दुधाची कासंडी तशीच राहिली. डोक्यावर विमानं घोंगावत होती तेव्हासुद्धा ती अशी एकटी पडली नव्हती. तेव्हा तो शेजारी होता.

"आजपास्नं चुलीला शिवायचं न्हाई," मनुबाई म्हणाली.

आखितीपासून आषाढातल्या बेंदरापर्यंत राहीबाई गोठ्यात जेवली. जाऊ, हरिबाची बायको, वरूनच पाणी ओतायची. बेंदराला गुरवानं देवळापुढं तिच्या अंगावर गोमूत्र शिंपडलं, तेव्हा ती घरात आली. त्याच हाटेलात त्याच मेजावर जेवलेल्या नाथाजीचा सारा काळ पंगतीत पहिल्या पाटावर गेला. मधे एकदा दुपारी तो गोठ्यात आला होता. "चारचौघांत तसं बोलावं लागलं गं. मनाला लावून घिऊ नगंस." ती जोंधळे निवडत होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. आपल्यामुळं हे झालं असं अंबूच्या मनानं घेतलं, आणि रंगूनचं नाव त्या पोरीच्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

शेहेचाळीस साली ज्ञानूचा कान वाहायला लागला, म्हणून चौघं सांगलीला डॉक्टरकडं गेली. दाखवून होईतो दुपार टळली. पोरं भुकेनं कळवळली. स्टेशनच्या रस्त्याला एका हाटेलात बायकापोरांसाठी पडदा लावलेली खोली होती. नाथाजीनं पडदा सारला, पोरांना बसवलं आणि राहीबाईसाठी खुर्ची ओढली, अगदी तशीच.

"बस. हितं कोण वळखतंय आपल्याला?"

राहीबाईनं ज्ञानूच्या कानातला बोळा नीट केला. अंबूच्या पाठीवरून हात फिरवला. मग नवऱ्याकडं पाहिलं. आवाज मुळीच चढला नाही.

"आवं, वळखत्यात तितं बसवा. मग हितं बसीन."

ती बाहेर गेली आणि हाटेलाच्या पायरीवर बसून तिनं फडक्यातली भाकरी सोडली. नाथाजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. वाढपी पडद्यातून डोकावला.

"किती ताटं?"

नाथाजीनं वाढप्याच्या खांद्यावरून पायरीकडं पाहिलं.

"दोनच," अंबू म्हणाली, आणि उठून आईजवळ पायरीवर जाऊन बसली.