केळमावशीची पाकिटं

केळमावशी आधी हात लावायची, मग नाव विचारायची. कातडीच्या वॉर्डात ही अगदी उलटी रीत. तिथे सख्खे नातेवाईकसुद्धा दाराबाहेरून डबा आत सरकवतात आणि नवशिके डॉक्टर हातमोज्यांवर हातमोजे चढवतात. मावशी मात्र नवा पेशंट आला की सरळ जाऊन त्याच्या गालाला हाताची पालथी बाजू लावायची आणि मग म्हणायची, "काय नाव म्हनलं तुजं?" एकदा केजकडच्या एका ऊसतोड बाईचा नवरा उंबरा ओलांडायला तयार नव्हता. मावशीनं त्याचं मनगट धरून त्याला खाटेपर्यंत ओढत नेलं. "धर तिचा हात. मी इतकी वर्सं धरती, मला काय झालंय? सडले का मी?" तो बिचारा इतका ओशाळला, की दुपारपर्यंत बायकोचा हात सोडायचं त्याला सुचेना.

आमचा दवाखाना एका ट्रस्टचा, बीड जिल्ह्यातल्या एका उजाड माळावर. नाव मुद्दामच घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातली चूक दवाखान्याची नाही, माझी आहे. मी तिथे त्वचारोगांचं शिक्षण घ्यायला आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मावशी वॉर्डातली आया. तिचं नाव सुभद्रा, पण ते फक्त हजेरीच्या वहीत. एरवी सगळ्यांची केळमावशी.

हे नाव पडलं ते धोबीघाटामागच्या केळींमुळे. चादरी धुतलेलं पाणी जिथे वाहत जायचं तिथे तिनं केळीची सात-आठ खुंटं लावली होती. बीडचा उन्हाळा! माणसांना टँकर, तिथे केळीला कोण विचारतो? पण मावशी चादरी पिळलेल्या पाण्याच्या बादल्या वाहून ती बाग जगवायची. केळी खायला नव्हे हो, पानांसाठी. पेम्फिगस नावाचा एक वाईट आजार असतो. अंगभर फोड येतात, फुटतात आणि कातडी सोलून निघते. अशा माणसाला चादर सोसत नाही, ती मांसाला चिकटते. कूस बदलली की किंकाळी. मावशी रोज सकाळी कोवळी पानं कापायची, मधला दांडा काढायची, धुऊन वाफेवर धरायची, गार झाली की खोबरेल तेलाचं बोट फिरवायची आणि खाटभर अंथरून त्यावर माणसाला निजवायची. "चादर कातडं मागती बाई," ती म्हणायची, "पान काय मागत न्हाई."

तिचा स्वतःचा एक राउंड असायचा, आमच्या राउंडच्या आधी. प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न: "डोळा लागला का?" लागला म्हटलं की तिचा दिवस चांगला. आमच्या तक्त्यात ताप होता, रक्त होतं, फोडांची मोजदाद होती, झोपेचा रकाना नव्हता. मी तिला थट्टेनं म्हटलं, "मावशी, झोप मोजता येत नाही." ती म्हणाली, "ज्याला लागत न्हाई त्येला इचारा, तो बराबर मोजतो."

तर प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली. आमचे सर शिस्तीचे आणि सरळ माणूस. म्हणाले, "केळीचं पान चांगलं, केळीचं पान चांगलं, असं सगळे म्हणतात. पुरावा कुठाय? बघ तपासून." मी एका पायावर तयार. निम्म्या पेशंटना पान, निम्म्यांना चादरीवरच व्हॅसलीनची पट्टी, औषधं सगळ्यांना तीच. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठीनं ठरणार, म्हणजे डॉक्टरच्या मनातलं झुकतं माप आड येणार नाही. पेशंटांची संमती घेतली, सह्या-अंगठे घेतले. मावशीला समजावून सांगायला गेले तर ती डोळे विस्फारून बघतच राहिली.

"म्हंजी चिठ्ठी काढून ठरवायचं, कोनाला चादर टोचनार ते?"

"तसं नाही हो मावशी. पान खरंच चांगलं आहे का ते आम्हाला माहीत नाही."

"तुमाला म्हाईत न्हाई? मग मला इचारा की!"

मी हसले. तीही हसली. शेवटी, "तुमच्या शिक्षनासाठी चाललंय ना, करा मग," म्हणून तिनं सोडून दिलं. चिठ्ठ्या एकेका बंद पाकिटात घातल्या होत्या. ती पाकिटं कोणा तिऱ्हाइताकडे ठेवायची असा नियम. मी ती मावशीच्याच कपाटात ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. आतल्या चिठ्ठीवर मार्करनं ठसठशीत 'पान' किंवा 'पट्टी' लिहिलं होतं आणि मला वाटत होतं, मावशीला वाचता येत नाही. ती वहीत सही करायची, पण सही काय, कोणीही गिरवतं. विचारलं मी कधीच नाही. पाकिटांवर क्रमांक घालायला हवे होते, तेही घातले नाहीत. नवा पेशंट आला की वरचं पाकीट द्यायचं, एवढंच तिला सांगितलं.

दोन वर्षं काम चाललं. माजलगावकडून, धारूरकडून, पार घाटाखालून पेशंट आले. त्या केजच्या बाईच्या पाकिटात 'पान' निघालं. वीस-बावीस वर्षांची पोर, पाठभर कातडी उरली नव्हती. मावशी तिला भरवायची, तिच्या डोळ्यांत थेंब घालायची, नवऱ्याची नक्कल करून तिला हसवायची. अकराव्या दिवशी ती गेली. मावशीनं तिला स्वतः पुसलं, नवऱ्याच्या हातात तिच्या बांगड्या दिल्या आणि धोबीघाटामागे जाऊन बसली. पानावरची आणखीही काही माणसं गेली. पट्टीवरची बहुतेक घरी गेली.

हिशेब मांडून झाला त्या सकाळी मी वॉर्डात सिस्टरना निकाल वाचून दाखवला. मावशी पानांचा भारा घेऊन उभी होती. पानाच्या बाजूला जंतुसंसर्ग जास्त, मृत्यूही जास्त. म्हणून केळीच्या पानाची शिफारस करता येत नाही. मावशीनं विचारलं, "पानावरची जास्त गेली?" मी म्हटलं, "हो ना मावशी. आकडे तसंच म्हणतात." आणि वर काय म्हणाले माहीत आहे? "बघा, म्हणूनच तपासून बघावं लागतं." तिनं भारा खाली ठेवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी केळी जमिनीसपाट. कोणी हुकूम दिला नव्हता. मावशीनंच कोयता आणून एकेक खुंट तोडलं आणि गड्डेसुद्धा उकरून काढले. मला वाटलं, रुसली. दोन दिवसांत येईल ताळ्यावर. पण त्यानंतर मावशीनं पेशंटला हात लावणं सोडलं. लांबून नाव विचारायची, पाण्याचा पेला टेबलावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. महिन्याभरानं मला म्हणाली, "म्याडम, सरांना सांगून मला फायलींच्या खोलीत टाका." मी शब्द टाकला, तिला जुन्या केसपेपरांच्या खोलीत काम मिळालं. मला वाटलं मी तिच्यावर उपकारच केले.

आता जे सांगायचं ते सांगते. परीक्षेला बाहेरून आलेले एक वयस्क परीक्षक माझा प्रबंध चाळत होते. पहिल्याच तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "पानाच्या बाजूला सुरुवातीपासूनच आजार जास्त दिसतोय. असं कसं?" तो तक्ता मीच केला होता. मला ते आधीच दिसलं होतं, आणि काहीतरी गडबड आहे हेही कळलं होतं. पण पुन्हा सगळं करायचं म्हणजे आणखी दोन वर्षं. मी छाती पुढे काढून म्हणाले, "योगायोग, सर. चिठ्ठ्या होत्या." त्यांनी मान हलवली, पान उलटलं. मी पास झाले. वॉर्डात केळीचं पान बंद झालं ते कायमचं.

अकरा वर्षं गेली. मी बीडला माझा दवाखाना थाटला. एक दिवस एक बाई लेकराचं गजकर्ण दाखवायला आली आणि जाताना घुटमळली. "म्याडम, मी केळमावशीची शोभा." मावशी तिच्याकडेच होती, मांजरसुंब्याच्या पुढे एका खेड्यात. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. "आई तुमचं नाव काढती आन् गप ऱ्हाती. कावून, ते सांगत न्हाई."

रविवारी दुपारी गेले. मावशी खाटेवर, मूठभर झालेली. मला बघून हात जोडून "जयभीम म्याडम" म्हणाली आणि शोभाला चहा टाकायला बाहेर पिटाळलं. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"मी तुमची पाकिटं खिडकीच्या उजेडाला धरून वाचली."

"तुम्हाला वाचता येतं?"

"शोभी चौथीत व्हती तवा तिच्या पुस्तकावरनं शिकले. तुमी इचारलं कुठं?"

ती पुढे सांगत राहिली.

"जी लई सोललेली आसंल, तिच्यासाठी पानाचं पाकीट हुडकून वर ठिवायची. ज्येचं जरा बरं आसंल, त्येला पट्टीचं. मला वाटायचं, चांगलं करती. आन् मग तुमी वाचून दावलं, पानावरची जास्त गेली." तिनं स्वतःचं मनगट धरलं. "मी निवडून निवडून मारली व माय. ती केजची पोर मी मारली. अकरा वर्सं झाली, तिच्या बांगड्या ह्या हातात वाजत्यात."

अकरा वर्षं! हे ओझं ती अकरा वर्षं एकटी वाहत होती, आणि सगळा उलगडा माझ्या पहिल्या तक्त्यात होता. मी तिचे हात धरले. "मावशी, नाही हो, ऐका माझं. समजा सगळी थकलेली, आजारी माणसं एका टोळीत घातली आणि त्यांना चांगले कोयते दिले. ऊस कमीच तुटणार ना? मग दोष कोयत्याचा का?"

तिचं माहेर-सासर दोन्ही ऊसतोडीचं, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"म्हंजी पानानं न्हाई गेली?"

"नाही मावशी. ती आजारानं गेली. तुम्ही सगळ्यात वाईट अवस्थेतली माणसं पानावर घेतलीत, म्हणून आकडे तसे आले."

"केजची पोर बी?"

"ती पण. पानामुळे तिला जरा सोसलं तरी."

मावशी रडली. आवाज न करता, उशी भिजेपर्यंत रडली. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपण हिला सोडवलं. शोभानं चहा आणला, आम्ही घेतला. मावशीचा चेहरा जरा उजळला होता. मग एकाएकी तिनं कप खाली ठेवला.

"म्याडम, मी केळी तोडल्यावर तिथं आनखी आली आसतील की, सोललेली."

"आली असतील."

"आन् ती समदी चादरीवर."

आली होती ना! अकरा वर्षं येतच होती. एकेक चादर सोडवताना काय होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"तुमाला तवा कळलं न्हवतं का वो?" तिनं विचारलं. त्यात आरोप नव्हता. लहान मूल विचारतं तसं तिनं विचारलं होतं. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. परीक्षकाचं बोट, मला आधीच दिसलेला तक्ता, सगळं. पण डोळे पुसत मी म्हणाले, "नाही मावशी. नव्हतं कळलं."

"मग रडू नका," ती म्हणाली. "मला ठावं न्हवतं, तुमाला ठावं न्हवतं. दोगींचा बी दोस न्हाई."

तीन आठवड्यांनी शोभाचा फोन आला, आई गेली. मी मातीला गेले. तिथं शोभा गळ्यात पडून म्हणाली, "तुमी आलता त्याच्यानंतर आई लई शांत झालती म्याडम. सारखी म्हनायची, म्याडमचा कायबी दोस न्हवता." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर मी दवाखान्याला पत्र लिहिलं. प्रबंध खोटा ठरतो, निष्कर्ष मागे घ्यावा, पान पुन्हा सुरू करावं, आणि या वेळी पाकिटांवर क्रमांक घालून नीट तपासावं, असं सगळं सविस्तर लिहून खाली सही केली. नव्या सरांनी बोलावून घेतलं, रागावले नाहीत. धोबीघाटामागे खुंटं लावू म्हणाले. लावतील. पण मावशी मला माफ करून गेली ती मी सांगितलेल्या खोट्यावर, आणि खरं ऐकल्यावर तिनं काय केलं असतं, हे विचारायला आता ती नाही.