आधी तुमी चढून दाखवा

पेडगावचा तो गडी दर सोमवारी व्हीलचेअरवरून आमच्या कार्यालयापाशी यायचा आणि पायऱ्यांखालूनच ओरडायचा, "ओ साहेब, खाली या!" कुणी उचलायला गेलं की खवळायचा, "मी काय पोतं हाय?" त्याच्या भांडणापायी शेवटी रॅम्प झाला.

उद्घाटनाला मी साहेबांच्या हातात नारळ देणार, तेवढ्यात तो खुर्चीतून उतरून रॅम्पच्या तळाशी बसला. "नारळ मग फोडा. आधी तुमी चढून दाखवा."

साहेब हसत, हारासकट त्याच्या खुर्चीत बसले. रॅम्प इतका उभा, की निम्म्यावर चाकांवरचे त्यांचे हात सुटले आणि खुर्ची उलटी घरंगळत खाली आली.

त्यानं ती छातीवर अडवली. त्याच्या ओठातून रक्त आलं होतं.

"तुमाला धरायला मी बसलो व्हतो, साहेब. आमाला कोण हाय?"