भाव एकच

घासाघीस न करता धंदा चालतो, असं तुम्हाला कोणी शिकवलं? मला ग्राहक चळवळीच्या पत्रकांनी शिकवलं. नव्वदच्या आसपास बेल्याच्या आठवडी बाजारात मी घरी केलेला कपड्यांचा साबण मांडला आणि पाटी लावली: भाव एकच. गरिबाला फसवायचं नाही, हे माझं तत्त्व. भांडवलासाठी आईनं दुभती शेळी विकली होती.

बाया वडी हुंगत, भाव विचारत. मी पाटीकडे बोट दाखवी. मग त्या शेजारच्या दुकानदाराकडे जात. तो आधी भाव चढवून सांगे आणि हसत हसत उतरवी.

“मावशी, तो लुबाडून राह्यला तुमाले,” मी एकीला म्हणालो.

“मालूम हाये मले. पन तो बोलते तरी. तू त मारुतीवानी गप बसतं. मी का पाटीसंग बोलू?”

तोवर उन्हानं वड्या मऊ पडून वाया गेल्या होत्या. गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, हे मला कळलं. पण पुन्हा साबण करायला घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तुमच्या बाजारात असं कोणी नवं, हटून बसलेलं दिसलं, तर मुकाट्यानं पुढे जाऊ नका. माल का घेत नाही, ते त्याला सांगून जा.