फरारी झालेला पंच

ते प्रकरण आजही जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. नोकरीतली काही प्रकरणं आठवली की झोप उडते. हे आठवलं की हसू येतं. मी तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही.

ठाण्यात एक जुना संगणक होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि सुरू व्हायला इतका वेळ की तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा. आरोपी, फिर्यादी, पंच, साक्षीदार, सगळ्यांची माहिती त्याच्या पोटात. तो कधी मान टाकेल याचा नेम नव्हता, म्हणून ती सगळी माहिती बाहेर काढून नव्या प्रणालीत न्यायचं ठरलं. त्या कामाला लातूरच्या एका खासगी कंपनीतून अभियंता मॅडम आल्या. मूळच्या पुण्याच्या, बोलक्या आणि कामाला वाघ. जुन्या फॉन्टमधली मराठी नव्या प्रणालीत गेली की तिची गिचमीड व्हायची, ती त्यांनी चिकाटीने सरळ केली. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या नोंदी जोडून एक करायची सोयही त्यांनी करून दिली. आम्ही खूश.

नवी प्रणाली सुरू झाली आणि लगेच लॉटरी लागली. भोकर तालुक्यातल्या एका शेतातून विहिरीवरची मोटार चोरणारा आरोपी बरीच वर्षं फरार होता. त्याच्या नावासमोर आता निलंग्याचा पत्ता दिसत होता. निलंग्याच्या बसस्थानकाजवळ पानपट्टी चालवणारा एक खबऱ्या माझ्या ओळखीचा होता. त्याला फोन लावला.

"हाव साहेब, हाय की हितं," तो म्हणाला. "नाव तेच, बापाचं नाव तेच, गावबी भोकरकडलंच. पण लवकर या. त्याला सरकारी ड्रायव्हरची नोकरी लागून राहिली. सोमवारी लातूरला हजर व्हायचंय त्याला."

स्टेशन डायरीला नोंद केली, निलंगा ठाण्याला कळवलं आणि आम्ही त्याला चौकशीसाठी घेऊन आलो. तिशी उलटलेला, सडपातळ माणूस. हातातल्या पिशवीत नेमणुकीचा आदेश होता. त्याला फक्त चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा होता, आणि आम्ही तर त्याला चोर म्हणून समोर बसवलं होतं.

"साहेब, म्या चोरी केली न्हाई. म्या तुमचा पंच होतो."

"कसला पंच?"

"भोकरच्या रस्त्यावर टेम्पो उलटला होता, तवा पंचनाम्यावर सही केली म्या. तुमच्याच हवालदारानं बोलावलं होतं. नंतर कोर्टाच्या कामासाठी निलंग्याचा पत्ताबी लिहून दिला."

नव्या प्रणालीत पाहिलं. त्या नावाचा पंच कुठेच नव्हता, फक्त आरोपी होता. मी जरा आवाज चढवला. तोही चढला. "पुन्हा कुणी पंच व्हा म्हनलं तर पळून जाईन म्या! सोमवारी हजर न्हाई झालो तर नोकरी जाईल, मग तुमी देता का नोकरी?"

इथे मी सावध झालो. खोटं बोलणारा माणूस साहेबाची मर्जी सांभाळतो, दर वेळी नवा तपशील पुरवतो. खरा माणूस तेच ते सांगतो आणि वैतागतो. हा चांगलाच वैतागला होता. पण माझ्या वाटण्यावर कागद हलत नाही. मोटारचोर कधी हाती लागलाच नव्हता, त्यामुळे त्याचा फोटो नव्हता की बोटांचे ठसे नव्हते. मी मॅडमना बोलावून घेतलं.

त्यांनी जुन्या संगणकातली मूळ माहिती उघडली. तिथे एकाच नावाच्या दोन नोंदी होत्या, एक आरोपीची आणि एक पंचाची. नव्या प्रणालीने त्या जोडून एकच माणूस केला होता आणि पत्ता अलीकडचा, म्हणजे पंचाचा, ठेवला होता.

"पण चूक कशी म्हणू?" मॅडम म्हणाल्या. "नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तालुका, सगळं एक. एवढंच असतं तर मी जोडलं नसतं. जन्मतारीखसुद्धा दिवस, महिना, वर्ष धरून एकच आहे. दोन माणसांचं इतकं कसं जुळेल?"

"एक जून का?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

मी बाहेर येऊन ओरडलो, "एक जूनचा वाढदिवस कुणाकुणाचा आहे रे?" ठाणे अंमलदाराने हात वर केला. वायरलेसवरच्या हवालदाराने केला, दोन शिपायांनी केला, आमच्या पठाण ड्रायव्हरने केला. माझा हात तर आधीच वर होता. आत बसवलेल्या त्या पंचाचा आवाज आला, "माझीबी एक जूनच हाय साहेब!"

मॅडम तोंडाला ओढणी लावून हसत सुटल्या. मग मी त्यांना समजावलं. आमच्याकडे आई पोराला शाळेत घेऊन जायची आणि जन्म विचारला की सांगायची, "पोळ्याच्या टायमाला झाला." गुरुजी पोराकडे एकदा बघायचे आणि शाळेच्या हिशोबात बसेल असं वर्ष धरून एक जून लिहून टाकायचे. अर्ध्या गावाचा जन्म एकाच दिवशी. पुण्याच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार!

फिर्यादी शेतकऱ्याला बोलावलं. चोराला त्याने पळताना पाहिलं होतं. समोरच्या माणसाकडे बघून तो म्हणाला, "ह्यो न्हाई. त्यो लई धिप्पाड होता." प्रश्न मिटला. पडताळणीचा दाखला मी स्वतः पाठपुरावा करून शनिवारी त्याच्या हातात दिला. सोमवारी तो हजर झाला.

जोडणीत पुसला गेलेला आरोपीचा खरा पत्ता जुन्या नोंदीत होता, हिमायतनगरकडच्या सासुरवाडीचा. चोरीनंतर तिथे एकदा शोध झाला होता, पुढे कुणी फिरकलंच नव्हतं. तिथे तो सासऱ्याच्या शेतात हरभरा काढताना सापडला. मॅडमनी एक जूनच्या सगळ्या जोड्या सोडवल्या आणि त्या आम्ही आईचं नाव विचारून एकेक तपासल्या. तेव्हापासून मला सवय लागली. सगळं जुळून आलं की मी खूश होत नाही. यात काय वेगळं आहे ते आधी शोधतो. त्या एका सवयीने पुढे बऱ्याच जणांची कोठडी टळली, याचं मला आज समाधान आहे.

आरोपीला कोर्टात न्यायचं होतं त्याच दिवशी आमचा तो पंच, आता सरकारी ड्रायव्हर, पेढे घेऊन ठाण्यात आला. बाकावर बसलेला धिप्पाड माणूस बघून त्याने विचारलं, "ह्योच का त्यो?" मी मान हलवली. तो थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता शिव्या देणार. पण त्याने डबा उघडून एक पेढा त्याच्या हातावर ठेवला.

"खा," तो म्हणाला. "आन् नाव जरा जपून वापर बाबा. ते माझंबी हाय."