कोमट पाण्यातल्या दुपारी

सुप्याच्या फाट्यावर माझी स्कूटी घसरली, खुबा मोडला आणि आत पट्टी-स्क्रू बसले. हाड जुळलं, पण पाय जमिनीवर टेकायची हिंमतच होईना. वॉकर धरून उभी राहिले की घाम फुटायचा. तेव्हा डॉक्टरांनी नगरला कोमट पाण्याच्या हौदात उपचार घ्यायला सांगितलं. नवऱ्याला कंपनीतून सुट्टी मिळेना, म्हणून सोबतीला सासूबाई आल्या.

मी पारनेरची. उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्यात वाढलेली. गुडघ्याच्या वर पाणी असं कधी अंगाला लागलंच नव्हतं. पहिल्या दिवशी उपचार करणाऱ्या ताईंचा दंड मी इतका घट्ट धरला की वळ उठले.

"मान माझ्या हातावर सोडा," त्या म्हणाल्या. "बाकीचं पाणी बघून घेईल."

कान पाण्याखाली गेले आणि जग थांबलं. फक्त माझाच श्वास, दूरवरून आल्यासारखा. ताई मला हलके हलके या कडेकडून त्या कडेला नेत होत्या, वाऱ्यावर ओलं लुगडं हलावं तसं. पाय आहेत की नाहीत तेच कळेना. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. अपघातानंतर पहिल्यांदाच माझं मला ओझं वाटत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते हौदात मिसळून गेलं. ताईंनी वेग आणखी कमी केला.

सासूबाई कडेच्या खुर्चीवर पदर आवरून बसायच्या. घरी दिवसभर तोंड चालू, इथे मात्र गप्प. एका दुपारी त्यांनी ताईंना विचारलं, "पानी लई खोल हाय का?"

"छातीइतकंच आहे, आजी. उतरताय का?"

मला वाटलं, हसून नाही म्हणतील. त्यांनी माझी जादाची सलवार-कमीज मागून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच घालत होत्या. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घरी सांगू नको."

ताईंनी आधाराला हात पुढे केला. पण सासूबाई पायऱ्या उतरल्या, अंग मागे टाकलं आणि हात पसरून पाण्यावर निवांत आडव्या झाल्या. पांढरे केस भोवती पसरले. ताईंचा हात तसाच राहिला.

"आई, तुम्हाला पोहता येतं?"

"व्हय. भंडारदऱ्याकडं म्हायेर न्हवं का माजं. बापानं पाठीला सुका भोपळा बांधून हिरीत सोडलं हुतं. दिवसभर पान्यातच असायची मी." डोळे मिटलेलेच होते. "मग लगीन करून हितं आले. हितं प्यायलाच पानी न्हाई, पवायचं कुटं?"

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं. बहुतेक कुणालाच नव्हतं.

त्यानंतर आम्ही दोघी उतरू लागलो. एकदा त्या समोरच्या कडेला उभ्या राहिल्या आणि ओले हात पुढे करून म्हणाल्या, "ये." मी कडेचा दांडा सोडला. पाणी पोटाला रेलून मला धरत होतं. झोपेत चालावं तशी मी चालत गेले आणि त्यांच्या गळ्यात पडले. त्यांच्या इतक्या जवळ मी कधीच गेले नव्हते.

हळूहळू जमिनीवरही पाय टेकला. वॉकर सुटला, मग काठी सुटली. आता मी कंपनीत बसून करायचं काम करते. थोडी लंगडते, पण माझी मी जाते-येते.

अधूनमधून सुट्टीच्या सकाळी भाकरी थापता थापता सासूबाई विचारतात, "पाय दुकतोय का गं तुजा?"

त्या आवाजात काळजीपेक्षा आशाच जास्त असते.

"हो, जरा दुखतोय," मी म्हणते. त्या लगेच तवा उतरवतात, आणि आम्ही नगरची एसटी धरतो.