अस्तरातला खिसा

उभ्या बाजारात शिंपी गरीब गाय म्हणून ओळखला जायचा. गिऱ्हाईक ओरडलं तरी हा आपला गळ्यातली टेप सारखी करत म्हणायचा, "देतो करून." मागच्या वर्षी एका उर्मट तरुणाने पँट आखूड झाली म्हणून भर दुकानात त्याची कॉलर धरली. शेजारचा इस्त्रीवाला मध्ये पडला म्हणून निभावलं. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. पण कुणी मोठ्याने बोललं की त्याचा हात गळ्याकडे जायचा.

आजोबांचं पिस्तूल ट्रंकेच्या तळाशी होतं. दारू ठासून उडवायचं, घोडा गंजून बसलेला. त्याने माशीसुद्धा मेली नसती. शिंप्याने कोटाचं अस्तर उसवून पिस्तुलाच्या मापाचा खिसा आत शिवला. दुहेरी टाका, खाली कॅनव्हासची पट्टी, बाहेरून सुरकुतीही दिसू नये असा. इतकं चोख काम त्याने कुठल्या गिऱ्हाइकाचंही केलं नव्हतं. कोट चढवला की पाठ आपोआप ताठ व्हायची. पुढे पुढे चष्म्यासारखं झालं. ते अंगावर आहे हेच ध्यानात राहीना.

असाच एकदा तो आजारी मेव्हण्याला बघायला इस्पितळात गेला आणि दारातलं तपासणीचं यंत्र किंचाळलं.

पोलीस चौकीवर त्याची मुलगी धावत आली, सोबत तिच्या ओळखीचा वकील.

"काका, आधी पाणी प्या," वकील हळूच म्हणाला. "इतक्या जुन्या वस्तूला परवाना लागत नाही. भिंतीवर टांगली असती तर कुणी विचारलंही नसतं. पण कपड्यात लपवून गर्दीत नेली, की कायदा वस्तूचं वय बघत नाही, नेणाऱ्याचा हेतू बघतो."

"कसला हेतू? उडतच नाही ते!"

"समोरच्याला कुठे ठाऊक असतं? म्हणून सांगा, जाणकाराला दाखवायला निघालो होतो, वाटेत मेव्हण्याकडे डोकावलो. हरवू नये म्हणून कालच खिसा शिवला. एवढंच बोला."

अधिकाऱ्याने कोट उलटा केला. "वा मामा! आमच्या वर्दीला नाही कुणी असा खिसा शिवत. कधी शिवला?"

"काल," शिंपी भिंतीकडे बघत म्हणाला.

"पिस्तूल तपासणीला राहील. कोट न्या. आणि या वयात असले उद्योग नकोत."

कोट मुलीच्या हातात आला. ती शिलाई मशीनच्या पायाशी खेळत वाढलेली. तिचा अंगठा सवयीने खिशात गेला. काल शिवलेलं अस्तर कोरं, करकरीत लागतं. हे मऊ पडलं होतं, नळीच्या जागी घासून चकाकत होतं, कडेला धागे सुटले होते. अंगठा तिथेच थांबला. शिंप्याने ते पाहिलं. तिने तोंड उघडलं असतं तर सगळंच संपलं असतं. तिने कोटाची घडी घातली, अस्तर आत जाईल अशी.

"चला, बाबा."

फाटकाशी वकील हसून निरोप घेऊन गेला. मग ती म्हणाली, "माझ्याकडे यायचात तेव्हाही असायचं?"

त्याचा हात गळ्याकडे गेला.

"माझी छोटी तुमच्या छातीवर डोकं ठेवून झोपायची, बाबा."

"उडत नाही गं ते."

"उडतं का, असं विचारलं मी?"

त्याला त्या कॉलरबद्दल सांगावंसं वाटलं. पण ते सांगायचं म्हणजे मुलीपुढे आणखी एकदा मान खाली घालायची. खोटं बोलून सुटलेल्या माणसाने आता कुठल्या तोंडाने सांगायचं, की मला भीती वाटत होती? "त्याचं काय झालं..." एवढं म्हणून तो अडखळला. ती थांबली होती. खरंच वाट बघत होती.

"रविवारी मीच येईन तुमच्याकडे," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही सध्या येऊ नका."

"छोटी विचारेल."

"विचारेल थोडे दिवस. लहान आहे, विसरेल."

तिने कोट त्याच्या हातात ठेवला आणि रस्ता ओलांडला. मागे वळून पाहिलं नाही, याचंच त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.